अडतिसावा जोड

आमच्या घरासमोरच्या बुटांच्या दुकानाला पाटी होती, पण ती वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. दुकानाचं नाव ‘चारसहा’ आणि दुकानदाराचंही तेच. “चारसहा उघडलेत का बघ गं,” असं लोक एकमेकांना सांगत. त्यांच्या तोंडावरही तसंच म्हणत, आणि ते ओ देत.

हे नाव पडलं त्यांच्या बायकोमुळे. लहानपणी मोठा ताप आला आणि तिचा डावा पाय वाढायचा राहिला. उजवा सहा नंबरचा, डावा चार. चारसहा तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला होते. ही मुलगी आली आणि एकाच रंगाचे दोन जोड मागितले, एक चारचा, एक सहाचा. यांनी विचारलं, “दुसरा जोड कोणासाठी, बहिणीसाठी का?” ती म्हणाली, “एक डाव्यासाठी, एक उजव्यासाठी. उरलेले दोन तुम्ही घाला.” ही गोष्ट त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी शेवटच्या वाक्याला ते स्वतःच्या पायांकडे बघत.

लग्नानंतर तिला दोन जोड घ्यावे लागले नाहीत. त्यांनी तिच्या पायांची कलबुतं कोरली. बूट ज्याच्यावर चढवून शिवतात, त्या लाकडी पावलाला कलबूत म्हणतात. त्या कलबुतांवर चौतीस वर्षं तिचे बूट शिवले गेले. ती चालताना कळायचंही नाही की तिच्या पायात काही कमीजास्त आहे. मग कुणाकुणाकडून ऐकून तसलेच लोक येऊ लागले. कोणाचा पाय अपघातात आखडलेला, कोणाचा जन्मतःच बारीक. पोट भरण्याइतकं ते कधीच नव्हतं. पोट भरायचं ते तळ बदलण्यावर आणि टाचा ठोकण्यावर.

बायको गेली त्याला आता पाच वर्षं झाली. त्यानंतर चारसहा दुकान वेळेवर उघडत, वेळेवर बंद करत, आणि मधल्या वेळात बसून राहत. मी समोरच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आहे. बसून राहिलेला मुलगा कंटाळलेला आहे की हरवलेला, हे मला लांबून कळतं.

त्यांची भाची दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरवर काम करते. एकदा आली तेव्हा तिने मामाचा हातात बूट घेतलेला फोटो काढला आणि म्हणाली, “मामा, मी तुमच्यासाठी लोकवर्गणी काढते.”

“मी काय देऊळ बांधतोय का वर्गणी काढायला?”

“इंटरनेटवरची हो. लोक आधी पैसे देतात. त्या पैशांतून तुम्ही बूट शिवायचं एक मशीन घ्यायचं. आणि ज्याने जेवढे दिले त्याप्रमाणे त्याला काहीतरी पाठवायचं. थोडे दिले तर आभाराचं पत्र. जरा जास्त दिले तर चामड्याचा किल्लीचा पट्टा. आणि पुरते दिले तर त्याच्या मापाचा जोड, दोन पाय दोन मापांचे असले तरी.”

“आणि कोणी दिलेच नाहीत तर?”

“तर तुमचा फोटो चांगला आलाय, तो मी आईला पाठवीन.”

पण लोकांनी दिले. चाळीस दिवसांत मशीनपुरते पैसे जमले. पत्रवाले आणि पट्टेवाले बरेच होते. जोड मागणारे अडतीस. चारसहा त्यांना ‘माझी माणसं’ म्हणू लागले. प्रत्येकाला त्यांनी स्वतःच्या हाताने पोच लिहिली: ‘आपण प्रेमाने पाठवलेली भेट मिळाली.’ शंभरावर पत्रं. मी शुद्धलेखन बघितलं. ‘भेट’ या शब्दात शुद्धलेखनाची चूक नव्हती, म्हणून मीही काही बोलले नाही.

मग मापं यायला लागली. कागदावर उभं राहायचं आणि पावलाभोवती पेन्सिल फिरवायची. त्यांनी सूचना लिहून पाठवली होती: ‘पेन्सिल सरळ उभी धरा. स्वतः वाकून काढू नका, वाकलं की टाच सरकते. घरातल्या कोणाला तरी काढायला सांगा.’ आलेले कागद ते भिंतीवर टाचण्यांनी लावत. मी एकदा गेले तर अख्खी भिंत पावलांनी भरलेली.

“बाई, या बघा,” ते म्हणाले. “ही टाच सरकलीय. हिचीही. या कोपऱ्यातल्या साहेबांची तर दोनदा सरकलीय. ज्यांच्या घरी कोणी नाही त्यांचं माप असं येतं.”

“असे किती आहेत?”

“नऊ.” त्यांनी मोजून ठेवले होते. “नऊ जणांना लिहिलंय, शेजाऱ्याला हाक मारा म्हणून. नवा कागद आला की हा काढायचा.”

ते वर्ष त्यांचं बरं गेलं. मशीन आलं. कारखान्यातली कलबुतं आली. एका जोडातलं डावं, दुसऱ्या जोडातलं उजवं घ्यायचं, लागेल तिथे चामड्याचा तुकडा चिकटवून फुगवायचं, की झालं. महिन्याला तीन जोड जात. जोड गेला की चारसहा पोस्टमनच्या वेळेला दारात उभे राहत. पोस्टमन मान हलवून पुढे जाई.

“कोणी काही कळवत नाही,” मी म्हटलं.

“नाहीच कळवणार. चावला तर बूट आठवतो. बसला की माणूस विसरून जातं. चांगलं लक्षण आहे.” मग जरा थांबून, “एकाने तरी चावतो म्हणून लिहायला हरकत नव्हती.”

आणि एकाने लिहिलंच. उजव्या बुटाची टाच घासते म्हणून. मी चारसहांना इतकं खूश त्याआधी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. ते पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं, मग पुन्हा मला वाचायला लावलं. बूट परत मागवून घेतला, दुरुस्त केला, आणि सोबत दोन पानी पत्र घातलं. त्यावर त्या माणसाने काही कळवलं नाही. टाच घासायची थांबली असणार.

या सगळ्यात कर कार्यालयाचं पत्र आलं.

ते घेऊन चारसहा रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. “बाई, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासलंत. एवढं तपासा. चूक त्यांची असली तर लाल शाई लावा.”

मी दोनदा वाचलं. “चूक तुमची आहे,” मी म्हटलं.

वर्षाच्या कराच्या कागदावर त्यांनी जमलेली सगळी रक्कम ‘भेटी’ म्हणून दाखवली होती. कार्यालयाचं म्हणणं असं की, इंटरनेटवरच्या पानावर तुम्ही बूट द्यायचं कबूल केलेलं दिसतं, तेव्हा ही भेट कशी, ते समजावून सांगा. सोबत कोणी काय दिलं आणि कोणाला काय पोचलं याची यादी जोडा.

त्यांना घेऊन मी एका कर सल्लागार बाईंकडे गेले. माझ्याच शाळेतली. गणितात बरी आणि वर्गात बडबडी होती. आता चष्मा लावून शांतपणे बोलत होती, पण पेन्सिल चावायची सवय तशीच. तिने पान वाचलं, पोचपत्रांच्या प्रती वाचल्या, आणि म्हणाली, “काका, वस्तू देईन असं कबूल करून पैसे घेतले, की ती वस्तूची आगाऊ किंमत झाली. म्हणजे विक्री. तिच्यावर कर लागतो.”

“विक्री मला कळते हो मॅडम. विक्रीत गिऱ्हाईक दुकानात येतं, नाक मुरडतं, समोरच्याकडे स्वस्त मिळतं म्हणतं. यातल्या एकानेही नाक मुरडलं नाही.”

“नाक मुरडलंच पाहिजे असं कायद्यात नाही.”

“मग भेट कशाला म्हणायचं?”

“ज्यांना नुसतं आभाराचं पत्र गेलं, त्यांचे पैसे भेटीत बसवायचा प्रयत्न करू. पट्टेवाले मात्र विक्रीत.”

“पट्टा म्हणजे वीतभर वादी आहे हो!”

“वीतभर असो की हातभर. कबूल केला होता ना?”

चारसहा माझ्याकडे वळले. “बाई, हिला तुम्ही शिकवलंत?”

“गणित दुसऱ्यांनी शिकवलं,” मी म्हटलं.

कराचा भाग तिने सोपा केला. खर्च वजा होतात, मशीनचा काही भाग वजा होतो, उरलेला कर हप्त्यांनी भरता येईल. जमलेले सगळे पैसे चारसहांनी मशीन आणि चामड्यात घातले होते, करासाठी बाजूला काही ठेवलं नव्हतं. कोण ठेवतो भेटीतून? पण हप्ते झेपतील असे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून ते ओझं उतरताना मी पाहिलं. मग तिने यादी पुढे घेतली.

“पानावर लिहिलंय, बारा महिन्यांत जोड मिळेल.”

“ते भाचीने लिहिलं. म्हणाली, काहीतरी तारीख टाकावी लागते.”

“टाकली की पाळावी लागते, काका. तुमच्या नावाने दिलेला शब्द आहे तो. आता चौदावा महिना चालू आहे. या महिनाअखेरच्या आत प्रत्येक नावापुढे दोनांपैकी एक काहीतरी हवं. ‘पोचला’ किंवा ‘पैसे परत’.” तिने बोट खाली खाली नेलं. “सदतीस पोचले. छान. अडतिसावं नाव मोकळं आहे. या बाईंचं काय?”

चारसहा स्वतःच्या पायांकडे बघू लागले.

“काही अडचण असेल तर पैसे परत पाठवा. काही हरकत नाही. तुम्ही कायद्याने मोकळे.”

घरी येईपर्यंत ते माझ्या दोन पावलं मागे चालत होते. कर भरायचा ठरला तेव्हा मान ताठ होती. आता खाली होती.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. विचारायची वेळच आली नाही. त्यांनी भिंतीवरच्या खालच्या कोपऱ्यातला एक कागद काढून माझ्या हातात दिला. बाईमाणसाचे पाय. उजवा सहा नंबरचा, डावा चार. डावा नुसता लहान नव्हता, आत वळलेला होता.

“अगदी हिच्यासारखा,” ते म्हणाले. “वळणसुद्धा तेच.”

ती अडतिसावी बाई एका लॉन्ड्रीत इस्त्री करते. दिवसभर उभ्याने काम. पहिलं माप टाच सरकलेलं आलं होतं; दुसरं तिथल्या एका सोबतिणीने काढून दिलेलं.

मी म्हटलं, “मग तर सोपं आहे. वहिनींची कलबुतं आहेतच.”

त्यांनी फळीवरून एक टॉवेलची गुंडाळी काढली. आत ती दोन कलबुतं होती, हाताळून काळी गुळगुळीत झालेली. डाव्यावर जागोजागी चामड्याचे पातळ तुकडे चिकटवलेले होते. एकेकावर बोट ठेवून ते सांगू लागले. हा लग्नानंतर सहाव्या वर्षीचा. हा ती जिन्यावरून घसरली त्यानंतरचा. हा शेवटचा, सूज यायला लागली तेव्हाचा.

“तुकडे काढता येतील,” ते म्हणाले. “पण या पोरीचा पाय हिच्याहून बारीक आहे. घोट्याच्या खाली दोन तांदळांएवढा. तेवढं लाकूड कानशीने घासावं लागेल. घासलं की ते तिचं होईल. हिचं राहणार नाही.”

“नवीन कोरा.”

त्यांनी उजव्या हाताचा अंगठा पुढे धरला. तो दुमडत नव्हता. “कोरायला अंगठा लागतो. घासायला तळहात पुरतो.”

“कारखान्यातलं?”

“चामडं चिकटवून पाय जाड करता येतो, वळवता येत नाही. वेगळं बनवून द्या म्हटलं, तर म्हणाले, निदान बारा जोड घ्या, आणि दोन्ही पाय सारखे असू देत.” ते किंचित हसले. “दोन्ही सारखे!”

चौदा महिने ते तिला काही ना काही कळवत होते. चामडं यायचंय. मशीन बिघडलंय. मशीन कधी बिघडलं नव्हतं. आणि आता सल्लागार बाईंनी त्यांच्यासाठी एक दार उघडून दिलं होतं. पैसे परत करायचे, नावापुढे दोन शब्द लिहायचे, आणि टॉवेल पुन्हा गुंडाळून फळीवर ठेवायचा. खोटं काही नव्हतं त्यात. कायदा तेवढंच मागत होता.

“काय करू, बाई?”

मी सांगितलं नाही. उत्तर फळ्यावर लिहून द्यायची माझी सवय कधीच नव्हती. एवढंच म्हटलं, “तिला विचारा.”

त्यांनी विचारलं. अडचण आहे, पैसे परत पाठवले तर चालेल का, म्हणून. चार दिवसांनी उत्तर आलं. लॉन्ड्रीच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेलं: ‘काका, घाई नाही. पण पैसे परत घेऊन मी पायात काय घालू?’

ते त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं नाही. खिशात ठेवलं.

दोन दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला ते मला बोलवायला आले. “काम आहे. नुसतं बसायचं.” गेले तर बाकावर कोरा कागद अंथरलेला, त्यावर दोन्ही कलबुतं ठेवलेली, चामड्याच्या तुकड्यांसकट. पेन्सिल त्यांनी माझ्या हातात दिली.

“मी दाबून धरतो. तुम्ही काढा. पेन्सिल उभी धरा.”

“तुम्हीच काढा ना. लाकूड कुठे सरकणारेय?”

“लाकूड नाही सरकणार,” ते म्हणाले. “माझा हात सरकेल.”

मी काढलं. चिमुकल्या डाव्या पावलाच्या आतल्या वळणाशी पेन्सिल नीट जाईना, तेव्हा त्यांनी माझा हात धरला नाही, नुसतं “सावकाश” म्हणाले. कागदावर नाव घातलं नाही. तो त्यांनी भिंतीवर खालच्या कोपऱ्यात लावला. मग एकेक तुकडा चाकूच्या टोकाने सोडवून एका डबीत टाकला. कानस घेतली. पहिल्या फटक्यात काळ्या लाकडाच्या आतलं लाकूड दिसलं. फिकट होतं, अगदी कालच कोरल्यासारखं. त्यानंतर ते थांबले नाहीत. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी नुसती बसून राहिले. लाकडाचा भुगा त्यांनी कुठे ठेवला नाही, झाडून केराच्या टोपलीत टाकला. कामाच्या वेळी ते काम करत.

जोड आठ दिवसांत तयार झाला. काळे, वादीचे, तळ जरा जाड, दिवसभर उभं राहायचं म्हणून. पोस्टाने गेला. महिना संपायला चार दिवस असताना पोच आली. लाल शिक्का आणि सही. पत्र नव्हतं.

चारसहा ती पोच उजेडात धरून बघत होते. “सही घाईची दिसते. उभ्यानेच केली असणार. हो ना?”

“उभ्यानेच,” मी म्हटलं.

“मग घालूनच बघितले असतील लगेच.”



यादी पुरी झाली. सल्लागार बाईंनी सगळी मापं पुरावा म्हणून मागितली होती, म्हणून चारसहांनी भिंत मोकळी करून कागद पिशवीत भरून आणले. तिने पेन्सिल चावत ते मोजले. पुन्हा मोजले.

“काका, गिऱ्हाइकं अडतीस, कागद एकोणचाळीस. हा बिननावाचा कोणाचा? कोणाला जोड द्यायचा राहिला का?”

“राहिला नाही. चौतीस वर्षं देत होतो.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून तो कागद जरा वेळ तसाच धरला. मोठी गुणी मुलगी आहे. “हा यादीत बसत नाही,” ती हळू म्हणाली. “उद्या कोणी विचारलं तर मला उत्तर द्यावं लागेल.”

“मग काढा. बरोबर आहे तुमचं.”

बाकीचे अडतीस तिने फाइलमध्ये लावून नाडी बांधली. “ही फाइल सात वर्षं सांभाळायची, काका. कधीही बघायला मागू शकतात.”

“सात? म्हणजे मी अठ्ठ्याहत्तरचा होईन. तोवर मरायला बंदी दिसते.”

“कायद्याने बंदी,” ती म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो.

त्यानंतर दुकान पुन्हा पहिल्यासारखं झालं. फाइल कपाटात. पोस्टमन आता दाराशी हळूसुद्धा होत नाही. भिंतीवर टाचण्यांची भोकं आहेत, आणि एकच कागद आहे. मध्ये लावता आला असता, पण तो खालच्या कोपऱ्यातच आहे, होता तिथे. नवीन मशीनवर कापड घातलेलं असतं. चारसहा वेळेवर उघडतात, वेळेवर बंद करतात.

परवा मी माझी चप्पल घेऊन गेले. “करंगळीला चावते,” मी म्हटलं.

त्यांनी ती उलटसुलट केली, आत बोटं घालून चाचपली. त्यांनीच शिवलेली चप्पल, सहा वर्षं घातलेली. कुठे चावते आणि कुठे नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक.  मग मागच्या खोलीत जाऊन एक कोरा कागद आणला आणि जमिनीवर नीट अंथरला.

“उभ्या राहा, बाई,” ते म्हणाले. “वाकू नका. पेन्सिल मी धरतो.”